एका माणसाचा करार

मोंतेविदेओ, डिसेंबर

ती. एतेल्विना मावशीस,
विल्मारचे दंडवत. तुझा गुडघा, काकांचा खोकला आणि आर्तिगासचा उन्हाळा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (नसतील तर हे पत्र बरं वाटल्यावर वाच.)

मी पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालो. शेजारी सांगू नकोस, कारण मी पेपर कोरा दिला होता. मीच नव्हे, अख्ख्या वर्गानं. आमच्या इरिगोयेनबाई स्पर्धेचं गणित शिकवतात, म्हणजे कोण कुणाला केव्हा दगा देतो ते. त्यांचा नियम असा, की वर्गातले सर्वांत जास्त गुण म्हणजे शंभर, बाकीच्यांना त्या मापानं मोजायचं. आम्ही हिशेब केला: सगळ्यांनाच भोपळा मिळाला, तर तोच सर्वांत जास्त, म्हणजे सगळेच शंभर. पण एकानं जरी चार ओळी खरडल्या, की बाकीचे बुडाले. आता भरवसा कसा ठेवायचा? (आपल्याकडे त्याची एकच रीत.) परीक्षेत येर्बाचा कडू चहा फिरवायचा. एकच भांडं, एकच नळी, आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या हातांवर नजर. बाईंनीसुद्धा एक घोट घेतला.

ओतायला ओफेलिया होती. तुझ्या गल्लीतल्या सुताराची ती हुशार मुलगी. तिच्या हातची येर्बा शेवटपर्यंत पांचट होत नाही. बगलेत थर्मास धरून ती बाकांमधून फिरत होती. मी नळी सोडेना, तेव्हा म्हणाली, “अरे, भाषणाला माईक दिलाय का तुला? पुढं दे की.” मावशी, एवढ्यासाठी मी दरवर्षी नापास व्हायला तयार आहे.

शहरात राहण्याची शिष्यवृत्ती पहिल्या नंबराला मिळते, आणि सगळेच पहिले म्हटल्यावर ती कुणालाच नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओफेलियाच्या आलं होतं. तिला सगळी उत्तरं येत होती, तरी ती ओतत राहिली. शेवटचं भांडं स्वतः प्यायली आणि म्हणाली, “ग्रासियास.” आपल्यात भांडं परत देताना आभार मानले म्हणजे आता पुरे, मला धरू नका. मला वाटलं, पाणी संपलं. सोमवारी ती आर्तिगासच्या गाडीत बसली. तिच्यावाचून मला इथं अजिबात करमत नाही.

तुझा,
विल्मार

ता. क. मार्चमध्ये शिष्यवृत्तीची परीक्षा पुन्हा आहे. नवा करार असा, की ओफेलियानं लिहायचं आणि बाकी सगळ्यांनी कोरा द्यायचा. एवढं सांगून तिला गाडीत बसव.

ता. क. २. या खेपेला भोपळ्याला भोपळाच धरणार हे कळल्यापासून वर्ग अभ्यासाला लागलाय. करारात सध्या मी एकटाच आहे. तेव्हा सोबत पुस्तकं पाठवतोय, तिला अभ्यासालाही बसव.

ता. क. ३. येर्बा हल्ली मीच करतो. भांडं भरतो, पितो, आणि पुढची पाळीही माझीच येते. हे तिला सांगितलंस तरी चालेल.