दुसरीच्या हातातलं घड्याळ

सिस्टर, तुमची शाळा सुटून, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वतःची लाज वाटली की अजून तुमचीच आठवण येते.

गेल्या वर्षी हैदराबादला माझी बायपास झाली. नंतर दोन महिने तिथेच बहिणीकडे राहून दवाखान्याच्या व्यायामवर्गाला गेले. पुरुष, बायका सगळे एका रांगेत चालायचो, नाडी मोजायचो. बीदरला परतल्यावर सगळं विरलं. त्या वर्गाला येणारे इथलेच दोन गृहस्थ सकाळी किल्ल्याकडे फिरायला निघतात आणि भज्यांच्या गाड्यापाशी थांबतात; तेलकट बोटं पुसत 'वॉकिंग झालं' म्हणतात. किळस येते. बायकांचं निराळं. घरकामातच व्यायाम होतो म्हणायचं आणि ते काम दुसरीकडून करून घ्यायचं. त्यात पहिली मी.

मुलाने पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आकडा त्याच्या फोनवर दिसतो. आठवडाभर कमी आकड्यावरून त्याची बोलणी खाल्ली, मग मी ते आमच्या कामवाल्या बाईच्या हाताला बांधलं. ती माझ्याच वयाची, चार घरची धुणीभांडी करते. मुलगा रोज शाब्बास म्हणू लागला. परवा सोफ्यावर बसून मी तिला विचारलं, आज आकडा कमी कसा? फरशी पुसता पुसता ती म्हणाली, "गुडघा दुखायलाय अक्का, आज बसूनच पुसायलेय. कमी पडत असंल तर अजून एक घर धरू का?" ती हसत होती. हातातली बशी मला खाली ठेवावी लागली, इतकी माझीच शिसारी आली.

शाळेचं लाल मातीचं मैदान आठवलं. मी सातवीत, धावण्याच्या तासाला पोट धरून लिंबाखाली बसलेय. तुम्ही ओरडत नाही. शिट्टी दुसऱ्या मुलीकडे देता, माझा हात धरता, आणि आपण दोघी फेरी मारतोय. तुमच्या पांढऱ्या झग्याची किनार लाल होतेय. "हळू चाल," तुम्ही म्हणता, "पण तुझं तूच चाल." अर्ध्या फेरीतच मला कळतं, पोटदुखी खोटी आहे हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आज घड्याळ तिच्याकडून परत घेतलं आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत एकटी जाऊन आले. मुलाला सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: संध्याकाळी त्याचा फोन आला, आज एवढीच पावलं का म्हणाला, आणि मी म्हणाले, पोट दुखत होतं.