सुट्टीवर आलेला माणूस

बाबा, मागच्या आठवड्यात आम्ही तिघं नॉर्वेला जाऊन आलो. तुम्ही असता तर "थय आपला कोण आसा?" हाच पहिला प्रश्न आला असता. कोणी नाही. दोन रात्री ओस्लो, दोन रात्री बर्गन आणि मधला एक दिवस आगगाडीने आणि बोटीने फियोर्ड बघत जायचं, एवढंच. फियोर्ड म्हणजे खाडीच, फक्त दोन्ही काठांना आभाळाला टेकलेले कडे आणि मधे काळंशार, गार पाणी. बोटीवर मी लेकीला म्हटलं, "ही आपल्या गावच्या खाडीची थोरली बहीण." ती म्हणाली, "बाबा, इट्स अ फियोर्ड," आणि फोटो काढायला कठड्याकडे गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. तुमच्याशी कशी बोलली असती कोण जाणे.

त्या बोटीवर मी एका जागी बसू शकलो नाही. लोक ब्लँकेट पांघरून धबधबे बघत होते आणि मी लाइफ जॅकेटं मोजत होतो. मी इथे दोह्यात सेफ्टी ऑफिसर आहे, तेव्हा आग विझवायचा सिलिंडर दिसला की त्याच्यावरची तारीख वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वरच्या मजल्यावर तीन होते, तिन्हींच्या तारखा ठीक. मग खाली गेलो, परत वर आलो, कॉफी घेतली, ती न पिताच कुठेतरी ठेवली. शेवटी बायको वैतागली. "अहो, बसा ना जरा! एवढ्या लांब आलोय ते काय सिलिंडर बघायला?" लेक म्हणाली, "ही इज ऑन ड्यूटी, मम्मा." दोघी हसल्या. मीही हसलो. हसताना हात मात्र जॅकेटच्या आतल्या खिशावर होता, कारण तिथे कंपनीचं लेटर होतं.

निघायच्या दहा दिवस आधी ते हातात पडलं. मॅनेजर भला माणूस, पाणी वगैरे दिलं आणि म्हणाला, "प्रोजेक्ट खलास, ब्रदर. समथिंग विल कम, इन्शाल्ला." त्या दिवशी घरी आलो तर बायकोने सोफ्यावर तीन थर्मल पसरून ठेवलेले. बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि ती आरशासमोर लोकरी टोपी घालून उभी होती. इतकं खूश मी तिला किती वर्षांत बघितलं नव्हतं. म्हटलं, परत आल्यावर सांगू. परत येऊन आज पाच दिवस झाले. सुट्टी अजून शिल्लक आहे असं घरी सांगून, मागे लागलेलं भूत टळावं म्हणून माणूस फिरत राहतो तसा मी या अल नस्रच्या फ्लॅटमध्ये खोल्याखोल्यांतून फिरतोय. बॅगा अजून अर्ध्याच उघडल्या आहेत. आज शुक्रवार, मायलेकी अल सद्दला शाळेचा युनिफॉर्म आणायला गेल्यात. बारावीचं वर्ष आहे तिचं. महिना-दोन महिन्यांत दुसरीकडे काम मिळालं नाही तर सगळ्यांचे व्हिसे रद्द होऊन आम्हाला निघावं लागेल, आणि तिचं हे वर्ष मधेच मोडेल. हे ठाऊक असून मी त्यांना युनिफॉर्मला जाऊ दिलं. दारात उभा राहून "साइज नीट बघा" असंही म्हणालो.

तुमची आठवण यायला आणखी काय लागतं? आपल्या गावात नोकरी गेली असं कोणी म्हणतच नाही. व्हिसा रद्द होऊन माणूसच कॅन्सल होतो. 'अमक्याचो झील कॅन्सल होऊन इलो' म्हटलं की पुढचं विचारायचं कारण उरत नाही. तुम्ही याच दोह्यात एकवीस वर्षं पाइप फिटर होतात, दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचात. शेवटच्या वेळीही सुट्टीवरच आलात. साबण आले, दुधाची पावडर आली, आईला सेंट आलं. आणि कार्टनच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, तुमचा रूमवरचा तवा. सुट्टीवर येणारा माणूस रूमवरचा तवा घेऊन येत नाही. आईने चुलीशी तो हातात धरून विचारलं, "हो तवो कित्याक हाडलात?" तुम्ही म्हणालात, "रूमवर नवो घेतलो." आईने तो घासला, खुंटीला लावला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तिला तेव्हाच कळलं असणार असं आता मला वाटतं.

तुम्हीही बसत नव्हतात, बाबा. घरात नळ दोन, पण तुम्ही ते आठ वेळा खोलले. शेजाऱ्यांचा पंप दुरुस्त केलात, देवळाची टाकी दुरुस्त केलीत, जे बिघडलं नव्हतं तेही दुरुस्त केलंत. वाटेत भेटेल तो आपल्या रीतीप्रमाणे दोनच प्रश्न विचारायचा, "कधी इलास?" आणि "परत कधी?" दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही "तिकीट गावणा नाय" म्हणायचात. दोन महिने संपून वर पंधरा दिवस झाले तेव्हा मीही विचारलं. तुम्ही नळाशी ओणवे होतात. हातातला पाना तुम्ही अंगणात भिरकावलात आणि ओरडलात, "काय रे, बापूस जड झालो तुका?" मी सोळा वर्षांचा, माझा काय गुन्हा ते मला कळेना. चार दिवस आपण बोललो नाही. पुढे कित्येक वर्षं मी मनात धरून होतो की तुम्ही आम्हाला फसवलंत. आता खिशात स्वतःचं लेटर घेऊन फियोर्ड बघून आल्यावर कळतं की तुम्हाला फक्त एक धड सुट्टी हवी होती. आम्ही तुमच्याकडे पडलेला माणूस म्हणून बघायच्या आधीची.

त्या दोघी जेवायच्या वेळेपर्यंत येतील. आज सांगणार आहे, जेवायच्या आधीच, नाहीतर जेवण झाल्यावर झोप, झोपेनंतर चहा असं करत शनिवार उजाडेल. बायको सावरेल, ती माझ्यापेक्षा खंबीर आहे. धसका आहे तो लेकीचा चेहरा कसा होईल याचा. पण तिच्या मनात काय चालेल हे मी कशावरून सांगू? माझ्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला तरी कुठे कळलं होतं.

कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पान्याच्या त्या भांडणानंतर दोह्याहून तुमचा रूममेट आला, ओटीवर बसला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "दादा आता गावातच रवतले मां?" तुम्ही कॅन्सल झालात ते असं फुटलं. आई आत पदर तोंडाला लावून रडली. आत्या रडली. घरात कोणी मेल्यासारखं झालं. मी मागच्या दारी गेलो आणि माडाला कपाळ टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिलो. थोड्या वेळाने तुम्ही मागून आलात. माझे खांदे हलत होते. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, "रडा नको. होतला सगळा बरा." मी वळलो नाही, कारण वळलो असतो तर तुम्हाला दिसलं असतं. आपला बाबा आता कधीच परत जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी रडत नव्हतो, बाबा. मला हसू आवरत नव्हतं.