लाल फावडं

८ जानेवारी
पोचले एकदाची! कोमागोए गावात माणसांपेक्षा बर्फच जास्त राहतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याहून हातभर उंच भिंती. आमच्या शिझुओकात बोटभर पडला तरी शाळांना सुट्टी. घरोघरी जाऊन रुग्ण बघायला दवाखान्याने एक छोटी पांढरी गाडी दिली आहे. आधीच्या सिस्टरची म्हणे. सीट माझ्या मापाची निघाली, सरकवावीही लागली नाही. मोठ्या इस्पितळात हेडसिस्टर माझ्या प्रत्येक सुईवर मान वाकवून उभी असायची. इथे डोक्यावर कुणी नाही. या आनंदात एक वाटी भात जास्त खाल्ला.

९ जानेवारी
गॅरेजवाल्या कुमागाईसाननी अर्धा तास शिकवणी घेतली. गाडी लावली की वायपर उभे करायचे, नाहीतर काचेला चिकटतात. हँडब्रेक ओढायचा नाही, गोठतो. स्टिअरिंग जड लागलं तर चाकांवर कोंबलेला बर्फ लाथेने पाडायचा. टपावरचा आधी झाडायचा, नाहीतर ब्रेक मारला की सगळा समोरच्या काचेवर. आणि इंजिन चालू करण्याआधी मागचा सायलेन्सर मोकळा करायचा. तो बुजला की विषारी धूर आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग छान झोप येते. डिकीतलं लाल फावडं त्यासाठीच. "बाकी सगळं विसरलात तर मला फोन करा, सिस्टर. हे विसरलात तर फोन करायला उरणार नाही तुम्ही." ते हसले, म्हणून मीही हसले.

१३ जानेवारी
सवयीने हँडब्रेक ओढला आणि मागची चाकं गोठून बसली. कुमागाईसान गरम हवा मारता मारता म्हणाले, दक्षिणेची माणसं आधी ब्रेक ओढतात, मग मला ओढतात. एक बरं झालं. रात्रीत गुडघाभर बर्फ पडला होता आणि सायलेन्सरचं मी साफ विसरले होते, पण मागे चौकोनी जागा कुणीतरी छान मोकळी करून ठेवली होती. शेजारच्या हिरोनोआजी असणार. त्यांच्या दारात संत्र्यांची पिशवी ठेवून आले.

१४ जानेवारी
आजी पिशवी घेऊन दारात हजर. "अगं, माझी कंबर बघितलीस का? चहाचा कप उचलते तेच पुष्कळ!" अर्धी संत्री मात्र ठेवून घेतली त्यांनी. मग कोण? आज सकाळीही मागची जागा मोकळी होती.

१९ जानेवारी
वरच्या वाडीत तोमेआजींच्या पायाची पट्टी बदलायला गेले होते. तासभर बर्फ पडत होता. बाहेर आले तर मी आडवे ठेवलेले वायपर उभे. मागे तोच चौकोन. पावलं दिसली. गाडीच्या माझ्या बाजूच्या दारापासून मागच्या चौकोनापर्यंत गेलेली. दारापर्यंत आलेली नाहीत आणि चौकोनातून पुढे गेलेलीही नाहीत. गाडीला कुलूप होतं. डिकी उघडली, फावडं ओलं होतं. तोमेआजींचा मुलगा म्हणाला, घरातून कुणीच बाहेर पडलं नाही. मला हे मुळीच आवडलेलं नाही.

२३ जानेवारी
भरदुपारी गाडीत बसून कागद भरत होते, हीटर चालू. मागून आवाज आला: खर्र, खर्र. आरशात कुणी नाही. फक्त बर्फाची ढेकळं उडताना दिसली. उतरले. चौकोन.

२४ जानेवारी
कुमागाईसानना बोलतं केलं. आधीची सिस्टर इकुयोसान. गेल्या फेब्रुवारीत वरच्या वळणावर वादळात अडकली, इंजिन चालू ठेवून बसली, सायलेन्सर बुजला. "मीच काढलं तिला बाहेर. झोपल्यासारखी होती." दवाखान्याने ही गोष्ट नव्या माणसाला सांगू नका म्हटलं होतं. मग हळूच म्हणाले, "फावडं मारतेय तर मारू द्या की, सिस्टर. तुमचं काय बिघडलं?" मी भडकले. जिवंत हेडसिस्टर सोडून आले ती काय मेलेलीची पाळत सोसायला?

२९ जानेवारी
रोज. कुठेही थांबले की— खर्र, खर्र. जेवण जात नाही. आरशाकडे बघवत नाही.

२ फेब्रुवारी
गाडी देवळात नेली. इथे नव्या गाड्या शुद्धीसाठी नेतात. मी ही नेली. पुजारीबुवांनी चारही चाकांवर मीठ टाकलं, साके म्हणजे तांदळाची दारू शिंपडली. त्याआधी विचारलं, नक्की ना? जा म्हटलं की ती जाईल, मग बोलावून येणार नाही. मी म्हटलं, नक्की. डिकीत काहीतरी एकदाच आपटलं.

५ फेब्रुवारी
गेली! गाडीमागचा बर्फ जसाच्या तसा. स्वतःच्या हाताने उपसला. दहा दिवसांनी पोटभर जेवले.

११ फेब्रुवारी, दुपार
तोमेआजींकडून परतताना वादळ. वरच्या वळणावर चाकं रुतली, पुढचं काही दिसत नाही. फोन लागला. बर्फ काढणारी गाडी यायला दोन तास. कुमागाईसान ओरडतच होते, दर पंधरा मिनिटांनी मागचं उपसा. उपसलं. हात बधिर झाले.

पाऊण तास झाला
दुसऱ्यांदा उपसलं. वाऱ्याने लगेच भरतंय. हीटर आहे म्हणून बरं. वही काढली, म्हणजे डोळा लागणार नाही.

नंतर
डोकं दुखतंय. सकाळपासून उपाशी, त्यामुळे असेल. पाच मिनिटांनी उतरते. मागे आवाज नाही. किती शांत—

अजून उतरले नाही. ऊब छान आहे. घड्याळ नीट दिसत—

डोकं दुखतं, मग झोप. त्यांनी सांगितलं होतं. चावी फिरवून इंजिन बंद करायला हवं. फिरवते. आधी एवढं वाक्य—

ती घाबरवत नव्हती. ती रोज— आणि मीच मीठ—

इकुयोसान, मी चिगुसा. चुकलं माझं. मागचं जरा— एकदाच, मागचं—