सत्त्याण्णव, एकशे एक, एकशे तीन

रविवार, ८ जून

चि. मास्तरीणबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती स्वतः, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. कारखान्यात काम भरपूर.

तुझ्या घड्याळाची खबर द्यायची आहे. तू शाळेत असताना आपण ते केलं. तीन दातेरी चाकं, मिनिटाला प्रत्येक चाक एक दात पुढे, प्रत्येकाचा एक दात लाल रंगवलेला, आणि तिन्हींचे लाल दात एकदम माथ्यावर आले की घंटा. मी म्हणालो होतो, शहाण्णव, शंभर आणि एकशे चार दाते घेऊ, कापायला सोपे. तू नाक मुरडलंस. "बाबा, लसावि काढा. बावीस दिवसांत वाजेल तुमची घंटा. त्यात काय मजा?" तुला हवे होते सत्त्याण्णव, एकशे एक, एकशे तीन. तिन्ही मूळ संख्या. सत्त्याण्णव दाते कापताना माझा घाम निघाला. फोरमन म्हणाला, "मालक, शंभरच कापा, पोरगी काय मोजत बसणार आहे?" तू मोजलेस.

तुझा गुणाकार अजून भिंतीवर आहे: १०,०९,०९१. रिकाम्या वेळी मी त्याला तिनाने, साताने, तेराने भागून पाहतो. ते तिघे आणि त्यांची आपसातली सोयरीक सोडली तर कुणाला दारात उभं करत नाही. अगदी तुझ्या आजोळासारखा आकडा.

म्हणून घंटा वाजते दोन वर्षांना महिना कमी असताना. दर वेळी तू जिथे होतीस तिथून आलीस. या वेळी आली नाहीस. आई म्हणते, तू फोनवर "येऊ का?" विचारलंस आणि मी "बरं बरं" करत फोन ठेवला. पुढचे फोन तिच्याच हातात दिले. कारखाना सोडून तू गणित धरलंस, त्याचा राग अजून आहे, असं तुला वाटलं.

मंगळवारी मी घड्याळाखालीच स्टूल टाकून एका मशिनचा नकाशा बघत होतो. फोरमन हसत आला, "मालक, वाजली!"

मी विचारलं, "काय वाजली?"

सगळ्यांना वाटलं, गंमत करतोय. रस्त्यापलीकडून कुठल्या मशिनचं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी. मग मीही हसलो.

डॉक्टर म्हणतात, दोन्ही कान गेलेत, यंत्र लावून थोडंफार येईल. फोनवर तुझं "बाबा" तेवढं कळतं. पुढचं सगळं अंदाजाने चालवत होतो. आईलाही काल सांगितलं. ती बराच वेळ बोलली. काय, ते विचारू नकोस.

घड्याळाच्या चौकटीवर तळहात ठेवला की घंटेचा ठोका हाताला लागतो. परवा हातोडी हाताने उचलून करून पाहिलं. पुढच्या घंटेची सोय झाली.

पण तेवढं थांबू नकोस. ये, समोर बस, सावकाश बोल. तुझ्या तोंडात एक दात नव्हता तेव्हापासून तुझं बोलणं मला कळतं.

न चिडलेला,
तुझा बाबा