पहिली पाकळी

अहो क्षमाचे बाबा,

तुम्ही देवळातून परत याल तेव्हा मी क्षमाला घेऊन पणजीच्या गाडीत बसलेली असेन. रागावू नका. पावाशी खायला अळसांद्याचं तोंडाक चुलीवर आहे, पोदेराने सकाळी दिलेले पाव जनेलाच्या गजांजवळच्या डब्यात आहेत.

माझ्या हृदयाची झडप आखडली आहे, पणजीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तुम्ही देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रसाद लावलात आणि विचारलंत, नेऊ का? उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला आणि घाबरलात तुम्ही! ऑपरेशन सांगितलं तर काय, म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा तेच विचारायला गेलात. पुन्हा उजवीच. आज परत निघालात तेव्हा मला हसू आवरेना. काल देवळातले भटमामसुद्धा म्हणाले, "वयनी, डावी पडेपर्यंत हा येतच राहणार काय गो?"

धाप मला लागते आणि छाती तुमची धडधडते. गोवा राज्य झालं त्या वर्षी चवथीला गणपतीपुढे मी शेवटची फुगडी घातली. तेव्हापासून भिंतीला टेकून दुसऱ्यांच्या बघते आहे. आता पुरे झालं. मला पुन्हा गरगरा फिरायचं आहे, डॉक्टर काय वाटेल ते करोत.

संध्याकाळी स्टँडवर घ्यायला या. आज डावी पडली असली तर मला सांगू नका. मी पहिल्या पाकळीवर निघाले आहे.

क्षमाची आई