बाबांच्या खुर्चीसमोरचा लाल दिवा

मी खाली सही करणारी, वय वर्षे छत्तीस, धंदा दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांखाली अक्षरे लिहिण्याचा, राहणार आईवडिलांच्या घरी, मागची खोली, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण "आजकालच्या मुलांचं काही खरं नाही" असे माझे वडील कोणत्याही कागदाबद्दल म्हणू शकतात. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके बोलणे आमच्या घरात बरेच दिवस झालेलेच नाही.

वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात "माझ्या मुलाबाळांना" असे छापलेले होते. ते खोडून मी "माझ्या आईवडिलांना" असे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी छोटी सही आहे. म्हाताऱ्यांनी तरुणांसाठी करायची ही गोष्ट आमच्याकडे उलटी झाली. आमची पिढी सगळेच उलटे करते असे बाबांचे मत आहे, आणि या एका बाबतीत मला ते खोडून काढता येत नाही.

कलम १. माझ्या मालकीचे घर नाही. भाड्याची खोली होती, ती आजारपणात सोडली. बँकेत जे काही आहे ते सगळे आईला द्यावे. मी सगळा पैसा हॉटेलांत आणि फिरण्यात उडवला अशी बाबांची पक्की समजूत आहे, तेव्हा शिल्लक पाहून त्यांना आश्चर्य वाटेल. वाटू द्यावे. आईने हे पैसे स्वतःवर खर्च करावेत. "असू दे, अडीअडचणीला" असे म्हणून ठेवून देऊ नयेत. अडचण येऊन गेली आहे.

कलम २. माझा संगणक, कानावर लावायचा मोठा हेडफोन आणि टेबलाजवळची खुर्ची माझ्याबरोबर हेच काम करणाऱ्या मैत्रिणीला द्यावी. अर्धी राहिलेली मालिका तिने पूर्ण करावी. पात्र रडत असेल तर खाली "रडण्याचा आवाज" एवढेच लिहावे; "हुंदके देत" वगैरे रंगवून लिहायची तिला खोड आहे. तीच या मृत्युपत्राची व्यवस्था पाहील.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याशिवाय पुढचे समजणार नाही.

बाबांनी उभी हयात पत्रे ठोकून भांडी आणि डबे बनवणाऱ्या कारखान्यात काढली. तिथे इतका आवाज असे की पाळी संपल्याचा भोंगा कोणाला ऐकू जात नसे. म्हणून भिंतीवर लाल दिवा होता. तो लागला की सगळ्यांनी हात थांबवायचे. कानात घालायला बोळे मिळत, पण ते कोणी घालत नसे, कारण ते नाजूक माणसाचे लक्षण समजले जाई. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांचे कान जवळजवळ गेलेले होते.

मी पक्की नोकरी सोडून घरबसल्या हे काम घेतले, तेव्हा ते म्हणाले, लोक बोलतात ते लिहायचे, यात काम कुठे आले? उन्हात उभे राहायचे नाही, साहेबाचे ऐकायचे नाही. त्या दिवसापासून ते मला "साहेब" म्हणू लागले. "साहेब उठले का?" असे सकाळी आईला विचारायचे. माझाही तोल गेला. मी ओरडून म्हणाले, "त्या नोकरीने तुमचे कान खाल्ले आणि तुम्ही अजून तिचेच गोडवे गाता." एरवी काही ऐकू न येणाऱ्या बाबांना एवढे नेमके ऐकू आले. मी घर सोडले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात आईच निरोप्या होती.

ते वाक्य मी मागे घेत नाही. ते खरे होते. ते ओरडून बोलायला नको होते, पण बाबांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

त्यांनी माझ्या वयाच्या सगळ्यांना आयतोबा ठरवले, तसे मीही त्यांच्या वयाच्या सगळ्यांना हट्टी ठरवून टाकले होते. बसच्या दारात एखादा म्हातारा सुटे पैसे शोधत उभा राहिला की मला तो बाबाच वाटायचा, आणि मी मुद्दाम जोरात सुस्कारा सोडायचे.

कलम ४. माझ्या कपाटाच्या खणात, स्वेटरच्या खाली, कानाचे यंत्र आहे. मी ते बाबांसाठी घेतले होते. "हे म्हाताऱ्यांचं," असे म्हणून त्यांनी ते परत केले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. ते त्यांना पुन्हा द्यावे. पुन्हा नाही म्हणाले तर वाद घालू नये, समोर ठेवून निघून यावे.

कलम ५. मी आजारी होऊन या घरी परतले, तेव्हा एका संध्याकाळी बाबा प्राण्यांचा कार्यक्रम बघत होते. आवाज बंद, नजर खालच्या ओळींवर. त्या ओळी माझ्या होत्या. मी आईकरवी तसे कळवले. बाबांनी तो भाग शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "एकही चूक नाही." मग थोड्या वेळाने, "ओळी फार लवकर जातात." त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेले हे एवढेच शब्द आहेत. ते मी कोणाला देत नाही, बरोबर नेते.

कलम ६. लाल दिवा.

माझा आवाज हळूहळू बसत गेला. मला पाणी हवे असले तर आई झोपलेली असायची आणि बाबा हॉलमध्ये खुर्चीत, ऐकू न येता. एकदा मी बराच वेळ हाका मारल्या. आई उठून आली तेव्हा मी रडत होते, आणि ते बाबांनी दारातून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली हत्यारांची पेटी काढली, माझ्या उशाशी एक बटण बसवले, भिंतीच्या कडेने वायर नेली आणि आपल्या खुर्चीसमोर, दूरचित्रवाणीच्या वर, लाल दिवा लावला. तेव्हापासून ते कार्यक्रम कमी आणि दिवा जास्त बघतात. आई म्हणते, जेवतानासुद्धा ताट फिरवून दिव्याकडे तोंड करून बसतात. इतकी वर्षे ज्यांनी माझे ऐकले नाही असे मी म्हणत आले, ते आता डोळ्यात तेल घालून माझी वाट बघत असतात. मला याचा फार त्रास होतो. मला त्यांना सोडून जायचे नाही.

एकदा मी काही नको असताना बटण दाबले. बाबा आले. "काय हवंय?" मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले: काही नाही, दिवा चालतो का बघत होते.

"चालतो," बाबा म्हणाले. "मी लावलाय." मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

तर या दिव्याची व्यवस्था अशी. माझ्या पश्चात तो या रिकाम्या खोलीला जोडलेला ठेवू नये. ठेवला तर बाबा त्याच्याकडे बघत बसतील. तो लागणार नाही हे त्यांना कळत असेल, तरी बसतील. बटण माझ्या उशापासून काढून स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी, आईच्या हाताशी बसवावे. आईने त्यांना आजवर किती हाका मारल्या आणि किती वाया गेल्या हे मी लहानपणापासून ऐकले आहे. हे काम बाबांनीच करावे, बाहेरचा माणूस बोलावू नये. लगेच करावे, लोक भेटायला येऊन जाण्याची वाट बघू नये.

आईने पहिल्यांदा बटण दाबावे ते काही नको असताना.

सही : घरात जिला "साहेब" म्हणतात ती

ठिकाण : मागची खोली, खिडकीकडची बाजू
दिनांक : पहिल्या पानावर वकीलबाईंनी घातला आहे तोच

साक्षीदार : तळमजल्यावरचे औषधांचे दुकानदार (सही)
साक्षीदार : सकाळच्या पाळीच्या परिचारिका (सही)

साक्षीदारांची नोंद, दुकानदाराच्या हस्ताक्षरात : सही आमच्या दोघांच्या समोर झाली. सही करताना कागद सरकू लागल्याने लिहून देणारीने उशाशी असलेले बटण दाबले व वडिलांना बोलावून घेतले. त्यांनी दोन्ही हातांनी कागद धरून ठेवला. मजकूर वाचला नाही. कसला कागद म्हणून विचारले, तेव्हा तिने फोनवर लिहून दाखवले की तुमच्यासाठी एक काम लिहून ठेवले आहे. त्यांनी ते वाचले व "सांग, आत्ता करतो," असे म्हणाले. तिने मान हलवून नको म्हटले.