पुरावा क्रमांक सात

मंगळवार, ११ मार्च. सकाळी थर्मामीटर नऊ अंशांवर. दोन विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले, शाळेचे स्वयंपाकघर तपासले, एका कुत्र्याला रेबीजची लस दिली. दुपारी पोस्टात जाऊन आलो. संध्याकाळी कोणी आले नाही.

ती. चॉन्सीमामांना वेंडेलचा नमस्कार.

मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, कामावर जातो. तुमच्या गुडघ्याचे काय म्हणणे आहे? साखर रोज मोजता का? (मोजत नसाल तर मोजतो असे लिहू नका. मी आरोग्य सेवेतला माणूस आहे, मला कळते.) ट्रकचा हीटर अजून बंद असेल तर सव्वीस एप्रिलच्या आत दुरुस्त करून घ्या. अर्लीनताईच्या वर्षदिवसाला लांबून येणारी माणसे त्याच ट्रकमधून आणायची आहेत, आणि मागच्या वर्षी तिच्या दफनाला आलेले पाहुणे तिच्यासाठी कमी आणि थंडीने जास्त थरथरत होते.

तुम्ही फोनवर विचारले, तक्रारीचे काय झाले, आणि मी ‘चालू आहे’ म्हणालो. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘चालू आहे म्हणजे घोडं उभं आहे की नुसतंच कुंपणाला टेकवून ठेवलंय?’ मला फोनवर नीट बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

मी पहिल्यांदा गणवेश घालून घरी आलो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत विचारले होते, ‘जहाज कुठे बांधलंस?’ आणि रात्रीपर्यंत जो येईल तो खिडकीतून जहाज शोधत होता. जहाज नाही हे मी तेरा वर्षे सांगतो आहे. आमच्या सेवेला गणवेश नौदलासारखा, हुद्दे नौदलाचे, सलामही तसाच. काम मात्र विहिरी आणि कुत्री. पण नियम हुद्द्याबरोबर येतात, आणि त्यातला एक असा की पुरुषाचे केस कॉलरला टेकता कामा नयेत. आधीचे कमांडर हॅचर यांनी नऊ वर्षे माझ्या वेणीकडे पाहिले नाही. (‘बुटांना पॉलिश असलं की मला वरचं काही दिसत नाही,’ असे ते म्हणायचे. त्या नऊ वर्षांत मी फार पॉलिश वापरले.) ते निवृत्त झाले आणि कमांडर प्रूइट आले. प्रूइट माणूस म्हणून वाईट नाहीत. माझ्या वाढदिवसाला त्यांनी केक आणला होता आणि त्यावर आमचे ‘ग्रे हॉर्स’ हे आडनाव पूर्ण मावेल एवढा तो मोठा होता. केक कापून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की दोन आठवड्यांत केसही कापून टाका.

मी सवलतीचा अर्ज केला. उत्तर आले, आवश्यकता सिद्ध होत नाही. त्यानंतर मिसूरी नदीला पूर आला, आमच्या सेवेतून पथक गेले आणि माझे नाव गणवेशातील दिसण्यामुळे वगळले. पूर ओसरल्यावर पहिले काम विहिरींचे असते. त्या विहिरी तपासायला त्यांनी दंतवैद्य पाठवला. तो परत आल्यावर मला विचारत होता, की पाण्याचा नमुना बाटलीत भरण्याआधी बाटली धुवायची असते का. त्या दिवशी मी तक्रार करायचे ठरवले.

आमच्या दवाखान्यात समान संधीचा फलक आहे. त्यावर सहा रंगांची सहा माणसे हसत उभी आहेत आणि खाली फोन नंबर. मी फोन केला. एका बाईंनी तीन आठवडे सगळे लिहून घेतले, मधूनमधून ‘फारच वाईट’ असेही म्हणाल्या, आणि चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारले, ‘अहो, तुम्ही गणवेशातले का?’ हो म्हणालो. ‘मग तुम्ही कर्मचारी नाही, अधिकारी आहात. आमच्याकडे कर्मचाऱ्यांवरचा अन्याय असतो.’ माझ्यावरच्या अन्यायाचे कार्यालय निराळे होते, त्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची होती, आणि त्यातले सहा उरले होते. (आपल्या लोकांना सरकारशी बोलायची सवय दीडशे वर्षांची आहे. तरी मी भिंतीवर लिहिले आहे ते खरे धरले.)

नव्या फॉर्मवर ‘आपली श्रद्धा अडीचशे शब्दांत स्पष्ट करा’ असा रकाना होता. मी लिहिले: आम्ही लाकोटा, या भूमीचे मूळ लोक. केस वाढवतो. घरचे माणूस गेले की कापतो. फॉर्म परत आला, शब्द अपुरे आहेत म्हणून. मी अर्लीनला फोन केला, ती मोठ्याने हसली. म्हणाली, ‘त्यांना लिही, हे केस नाहीत, माझी मेहनत आहे. तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून रोज सकाळी माझी वीस मिनिटं जायची, आणि तू मांजरासारखा ओरडायचास.’ मी तेच लिहिले. तिच्या बोलण्याने अडीचशे शब्द सहज भरले आणि तक्रार दाखल झाली. ते मागच्या वर्षी जानेवारीत. एप्रिलमध्ये ती गेली.

तेव्हाचे तुम्हाला माहीतच आहे. तिच्या स्वयंपाकघरातली कात्री, आणि वेणी तुम्ही धरली होती. तुम्ही म्हणालात, तिच्याबरोबर पेटीत ठेव. मी म्हणालो, वर्षभर जपतो आणि वर्षदिवसाला जाळतो. तुम्ही ‘तुझी मर्जी’ म्हणालात आणि तोंड फिरवलेत. तुमचे ऐकायला हवे होते. का ते पुढे येईल.

मी कामावर परत आलो, तर प्रूइट टेबलाच्या पलीकडून उठून आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. ‘वा, वेंडेल! आता कसं, ऑफिसर वाटता. सोपं नव्हतं, मला कल्पना आहे.’ मला वाटले ते अर्लीनबद्दल बोलत आहेत. मी ‘थँक यू, सर’ म्हणालो. मामा, माझ्या हातून जे नुकसान झाले ते त्या तीन शब्दांत झाले. पंधरा दिवसांत तक्रारीच्या फाइलवर शेरा पडला, की अधिकाऱ्याने स्वेच्छेने नियमाचे पालन केले असून कमांडरांचे आभारही मानले आहेत, सबब तक्रारीचे कारण उरलेले नाही. वार्षिक मूल्यमापनात ‘बदल स्वीकारण्याची तयारी’ यासमोर ‘उत्कृष्ट’ आले. तेरा वर्षांत मला प्रथमच उत्कृष्ट मिळाले. नोंदणीच्या खिडकीवर रमोना बसते (इथलीच आहे, कोणाला सोडत नाही), ती म्हणाली, ‘बहीण गेली आणि तुझं भलं झालं. पुढच्या वेळी माझ्या सासूला विचारून बघ, तिलाही कोणाच्या तरी उपयोगी पडायचंय.’ मी हसलो. दफनानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मी फेरतपासणी मागितली. तपास लिंडक्विस्टबाईंकडे आला. बाई राजधानीजवळ कुठेतरी बसतात, फोनवर फार सभ्य बोलतात. त्यांनी विचारले, केस शोकामुळे कापले आणि आदेशामुळे नाही, हे कशावरून? मी दफनविधीची पत्रिका पाठवली. त्या म्हणाल्या, यावरून एक व्यक्ती वारली एवढेच दिसते. मग फॉर्म आला, ‘वस्तुरूप पुरावा असल्यास जोडावा’. मी दोन दिवस तो फॉर्म टेबलावर ठेवला. मला वाटले, वेणी पाहिली की कोणालाही समजेल. ती अर्लीनच्या लाल कापडात गुंडाळली होती, तशीच रजिस्टर पोस्टाने पाठवून दिली.

पोच आली. पुरावा क्रमांक सात. केस, मानवी, काळे, काही पांढरे. लांबी एकोणीस इंच. कापड, लाल, एक. (पांढरे आहेत हे मला सरकारकडून कळले.)

या जानेवारीत मी लिंडक्विस्टबाईंना फोन करून सांगितले, की एप्रिलमध्ये वर्षदिवस आहे आणि वेणी परत हवी. त्या खूप हळहळल्या. म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत पुरावा बाहेर काढता येत नाही, आणि निकाल शरद ऋतूच्या आधी कठीण आहे. ‘पण मी तुम्हाला रंगीत झेरॉक्स पाठवू शकते, दोन्ही बाजूंची.’ मी विचारले, झेरॉक्स जाळली तर चालेल का? त्या म्हणाल्या, तुमची प्रत आहे, आमची काही हरकत नाही. शेवटी त्यांनी हळू आवाजात आणखी एक सांगितले. तक्रार मागे घेतली तर फाइल बंद होते, आणि पुरावा दहा दिवसांत तक्रारदाराच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातो. त्यांनी तसा कागदही पाठवला. फक्त सही करायची.

मी सही करणार नाही. देशात आणखी दोघांचे अर्ज माझ्या निकालासाठी थांबवून ठेवले आहेत. त्यांची नावे मला सांगत नाहीत, पण ती माणसे कुठेतरी कॉलरमध्ये केस दडपून कामावर जात असतील. शिवाय मी सही केली की प्रूइटांचा शेरा कायमचा राहील, की मी केस त्यांच्यासाठी कापले. ते मला चालणार नाही. म्हणून एक विनंती आहे. सव्वीस तारखेला सुतक संपवायला तुम्ही सगळ्यांचे डोळे पुसाल, तेव्हा मला वगळा. मी कॉफी वाटीन, वाटायच्या रजया गाडीतून उतरवीन, सूपच्या पातेल्यापाशी उभा राहीन. वेणी परत येईपर्यंत माझे सुतक चालू राहू द्या. कार्यालयाचा वेग पाहता ते माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल, पण मला घाई नाही.

गुडघ्याला जपा. सगळ्यांची आठवण येते, नावे घेतली तर कागद पुरणार नाही.

तुमचा,
वेंडेल

ता. क. वरचे सगळे रविवारी लिहिले, फक्त डोक्यावर आजची तारीख आणि नोंद घातली. रविवारी ते खरे होते. सोमवारी सकाळी रमोनाने विचारले, ‘सुतक सरकारच्या कपाटात ठेवून तू इथे काय करतोयस?’ खरे सांगायचे तर फाइल चालू होती तोवर मला अर्लीनसाठी काहीतरी करायला होते. रोज काहीतरी लिहायचे, पाठवायचे, कोणाची तरी वाट पाहायची. वेणी जाळली की तेही संपणार होते. आज दुपारी पोस्टात गेलो, तो सही केलेला कागद टाकायला. तेव्हा मला वगळू नका.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. माझा नोंदलेला पत्ता अजून अर्लीनचाच आहे. नोकरीला लागलो तेव्हा दिलेला, कधी बदलला नाही. पुडके तिच्या पोस्टबॉक्सवर येईल आणि सही मागतील. तुम्ही जाऊन घ्या. ओळखपत्र जमातीचे दाखवलेत तर पोस्टातली नवी मुलगी दुसरे मागेल, म्हणून गाडीचा परवानाही न्या. पुडके उघडू नका. मी आलो की दोघे मिळून उघडू. त्यावर सात नंबरची चिठ्ठी बांधलेली असेल. ती तेवढी तुम्ही कापा. मला जमणार नाही.

हे शेवटचे. ज्यांचे अर्ज थांबलेत त्या दोघांची काळजी करू नका. माझे केस वर्षभरात पुन्हा वाढले आहेत आणि आज ते कॉलरला टेकले. प्रूइटांनी साडेतीन वाजता पहिली ताकीद दिली, लेखी. मी नवा फॉर्म मागवला आहे. या वेळी फोटो जोडणार.

उद्याचा शर्ट चुरगळला आहे. इस्त्री तापली असेल, तो करून घेतो.